शोधाची मजुरी

सकाळी नऊच्या सुमाराला शिरूरमधल्या एखाद्या गॅरेजसमोर गाडी येऊन थांबते. इंजिन चालूच असतं. बॉनेट थरथरत असतं, गिअरचा दांडा हात न लावता डुलत असतो. मालक उतरून बॉनेटचा खटका ओढायला जातो, तर मिस्त्री हातानेच ‘राहू द्या’ म्हणतो आणि गाडीच्या मागे जातो. सायलेन्सरच्या नळीपासून वीतभर अंतरावर तळवा धरून उभा राहतो. धूर हाताला एकसारखा लागत नाही. फुक, फुक, फुक आणि मग एक पोकळी. पुन्हा फुक, फुक, फुक आणि पुन्हा पोकळी. थोडा वेळ तो तसाच उभा राहतो आणि म्हणतो, “मिसिंग मारतीये. एक सिलिंडर बंद आहे.” अजून बॉनेट उघडलेलं नसतं, पाना हातात आलेला नसतो.

चार सिलिंडरची गाडी जागेवर उभी राहून चालू असते, तेव्हा तिचा क्रँक मिनिटाला साधारण आठशे फेरे घेतो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० भडके आणि चारींचे मिळून १,६००. सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. पेटण्याचा क्रमही ठरलेला असतो. बहुतेक चार सिलिंडरच्या गाड्यांत तो एक, तीन, चार, दोन असा. हवा आत, पेट्रोल आत, मग दाब, मग ठिणगी, भडका आणि धूर बाहेर. यातलं एक काही वेळेवर झालं नाही की त्या सिलिंडरची पाळी वाया जाते. उरलेले तिघे गाडी ओढत राहतात आणि चौथ्याचं ओझंही वाहतात. भजनात एकाच टाळकऱ्याचा हात दरवेळी त्याच मात्रेला चुकावा, तसं ते ऐकू येतं. काहीतरी बिघडलंय हे अंगणात बसलेल्या कुणालाही कळतं. हात कुणाचा चुकतोय हे कळायला मात्र तयार कान लागतो.

असा कान या मुलखाला नवा नाही. घोड, कुकडी आणि भीमेच्या काठाने वीज पोचण्याआधी, आणि पोचल्यानंतरही कैक वर्षं, पाणी उपसलं ते डिझेल इंजिनांनी. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढच्या काळात विहिरीच्या काठावर, नदीच्या दरडीवर एका सिलिंडरची इंजिनं ठोके देऊ लागली. हँडल मारून ती सुरू करायची. रात्रीच्या पाळीला शेतकरी बांधावर घोंगडं अंथरून आडवा व्हायचा. इंजिन एका लयीत चालू असेतो त्याला झोप लागायची आणि लय बदलली की जाग यायची. पाणी तुटलं की इंजिन हलकं होऊन पळायला लागायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ठोके गळायला लागायचे. एका सिलिंडरच्या इंजिनात गळलेला ठोका झाकायला दुसरा सिलिंडर नसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचं शिक्षण आपोआप होत गेलं. त्या शेतकऱ्यांची मुलं ट्रॅक्टरवर आली, नातवंडं मोटारीत बसली, तरी अनेक घरांतले म्हातारे आजही ओसरीत बसून सांगतात, “गाडी बरोबर बोलत नाही तुझी.”

शेजारचं दौंड तर इंजिनांचंच गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन होऊन बसलं. आधी वाफेची इंजिनं, मग डिझेलची, आता विजेची. डिझेलच्या जमान्यात वाराणसीला बनणारी डब्ल्यूडीएम-२ इंजिनं देशभर धावली. त्यांना सोळा सिलिंडर. इंजिन फलाटावर उभं असताना त्याच्या गुरगुरण्यात सोळांतला एक मागे पडला, तर तो नुसता ऐकून ओळखणं ही साधी गोष्ट नाही. दौंडमध्ये अशी कितीतरी घरं आहेत जिथे जेवताना बाहेरून इंजिनाचा आवाज आला की ताटावरचं बोलणं क्षणभर थांबायचं. अशा घरातलं पोर मोटारीच्या धंद्यात शिरलं, तर त्याला आवाज ऐकायला वेगळं शिकवावं लागत नाही.

पण कान हा फक्त दरवाजा. तो सांगतो की मिसिंग आहे. का आहे, हे सांगत नाही.

मिसिंगचा शोध प्रश्नांनी सुरू होतो आणि जाणता मिस्त्री प्रश्नांना घाई करत नाही. गाडी थंड असताना झटके देते की तापल्यावर? जागेवर उभी असताना की चढाला? तिसऱ्या गिअरला रेस दिली की? पेट्रोलवर की गॅसवर? कालच धुतली का? टाकी कुठे भरली, किती दिवस उभी होती? मालक आपल्या भाषेत सांगतो. गाडी उचलत नाही, गचके देते, फटफट करते, पिकअप गेलाय, ॲव्हरेज पडलंय. या प्रत्येक शब्दामागे वेगळं काहीतरी असू शकतं. फक्त चढाला आणि लोड आल्यावर मिसिंग असेल तर संशय आधी ठिणगीवर जातो, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं आणि थकलेली कॉइल तिथे हार खाते. जागेवर उभं असताना थरथरते आणि रेस दिली की सुधारते, तर कुठूनतरी चोरून हवा आत येत असेल. थंड असताना ठीक, तापली की बिघडते, तर व्हॉल्व्ह किंवा तापून तुटणारी एखादी वायर. धुतल्यानंतर सुरू झालं असेल तर प्लगच्या खोबणीत पाणी साचलेलं असण्याची शक्यता सगळ्यात मोठी. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने इंजिन चकचकीत करून घेतलेली गाडी तासाभरात गॅरेजच्या दारात उभी राहिल्याचं कुठल्याही मिस्त्रीला सांगता येईल.

जुन्या गाड्यांत सगळं डोळ्यांसमोर होतं. कुर्ल्याला बनणाऱ्या १,०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि त्यातून निघालेल्या चार जाड वायरी लगेच दिसायच्या. एकच कॉइल, एकच पॉइंट. ठिणगी वाटून द्यायचं काम डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या रोटरचं. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने बॅटरीवर चालणारी ही रचना १९१०च्या आसपास कॅडिलॅकसाठी घडवली आणि थोड्याफार फरकाने ती सत्तर वर्षं जगभर टिकली. पॉइंट झिजला, टोपीला तडा गेला, वायर पावसाळ्यात ओलसर झाली की मिसिंग. मिस्त्री चालू इंजिनाच्या वायरी एकेक करून काढायचा. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडं व्हायचं. ज्या वायरीला काही फरकच पडायचा नाही, तो सिलिंडर मेलेला. हे करताना हाताला कितीदा झटके बसायचे. हल्लीच्या गाड्यांत कॉइल वीस-तीस हजार व्होल्टपर्यंत जाते आणि मोकळी सुटलेली ठिणगी कॉइललाही मारते, म्हणून शहाणी माणसं आता असं करत नाहीत. इंजेक्टरचं कनेक्टर काढतात, किंवा स्कॅनरवरूनच एकेक सिलिंडर बंद करून बघतात. पद्धत तीच, एकेकाला बाजूला काढायचं आणि कुणाच्या जाण्याने फरक पडत नाही ते बघायचं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाची ओळख घरोघरी झाली. तिनांतला एक गेला की एक तृतीयांश ताकद गेली. तीन सिलिंडरच्या गाडीतली मिसिंग नवख्याच्याही अंगाला कळते. स्टिअरिंग हातात नाचतं, आरसा थरथरतो, सीट हलते. आज शिरूर-दौंडच्या रस्त्यांवरच्या कितीतरी छोट्या गाड्या तीन सिलिंडरच्याच आहेत. डिस्ट्रिब्युटर जाऊन कैक वर्षं झाली. बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते आणि ठिणगी कधी पाडायची ते संगणक ठरवतो.

हा संगणक मिसिंग कशी ओळखतो, ते समजून घेण्यासारखं आहे. क्रँकला जोडलेल्या चाकावर दाते असतात. पुष्कळ गाड्यांत साठ दात्यांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम वगळलेले. जवळ बसवलेला सेन्सर प्रत्येक दाता समोरून गेल्याची नोंद करतो. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो आणि दाते किंचित लवकर सरकतात. पेटला नाही की किंचित उशिरा. हा उशीर सेकंदाच्या अगदी बारीक हिश्शाचा असतो, पण संगणक तो मोजतो आणि त्या वेळी पाळी कुणाची होती यावरून सिलिंडरचा नंबर काढतो. मिस्त्री तळव्याने जी पोकळी पकडतो, तीच संगणक दात्यांमधल्या उशिरातून पकडतो. उसाच्या ट्रॉल्यांनी खचलेल्या वाटेवरून गाडी आदळत गेली तर चाकांचे धक्के उलटे क्रँकपर्यंत पोचतात आणि ती मिसिंगच वाटू शकते. म्हणून काही गाड्यांचे संगणक चाकांचा वेग बघून रस्ता खराब आहे हे ओळखतात आणि तेवढा वेळ मोजणी थांबवतात.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ सालच्या गाड्यांपासून ते सक्तीचं झालं आणि पुढे भारतातल्या गाड्यांतही आलं. त्यात स्कॅनर लावला की कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या. पी ०३०० आला तर मिसिंग एका जागी नाही, ती फिरती आहे. पाच-सात वर्षांपूर्वी हा स्कॅनर तालुक्याच्या गावात नवलाईचा होता. आता मोबाईलला जोडायचं छोटं यंत्र नव्या पोरांच्याही खिशात असतं.

आणि इथेच खरी चूक सुरू होते. पडद्यावर पी ०३०२ आलं की घाईचा माणूस दोन नंबरची कॉइल मागवतो. कोड कॉइल म्हणत नाही, प्लग म्हणत नाही. दोन नंबरला भडका होत नाही, एवढंच तो म्हणतो. ठिणगी नसेल, पेट्रोल नसेल, दाब नसेल, किंवा तिन्ही असूनही वेळ चुकत असेल. पुढचं माणसाने शोधायचं असतं.

शोधायची रीत बिनखर्चाची आहे. दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावायची आणि तीनची दोनवर. कोड पुसायचा, गाडी चालवायची. आता पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, दोषी सापडला. कोड दोनवरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, त्यानंतर इंजेक्टर. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा या कामातला सगळ्यात कडक नियम. प्लग, कॉइल, फिल्टर सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर ती कशाने सुधारली हे कुणालाच कळत नाही आणि महिन्याभराने मिसिंग परत आली की शोध पहिल्यापासून.

प्लग बाहेर आले की जाणता मिस्त्री ते जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडतो. एक, दोन, तीन, चार. सिलिंडरचा क्रम मोडू देत नाही. उजेडाकडे धरून एकेक फिरवून बघतो. टोकावरच्या चिनी मातीला फिकट बदामी रंग असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. चिकट, ओलं काळं असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर आत उष्णता जास्त, पेट्रोल कमी. कधी चिनी मातीच्या अंगावर पेन्सिलीने मारल्यासारखी केसाएवढी काळी रेघ दिसते. ठिणगी फटीत न पडता त्या रेघेवरून पळून जाते. ती रेघ दिसली की मिस्त्रीचा चेहरा बदलतो. दिवसभर ज्याच्या मागे होता, ते कारण बोटाच्या टोकावर असतं. मग फिलर गेजने फट मोजायची. गाडीनुसार ती साधारण पाऊण ते सव्वा मिलिमीटर असते. प्लग झिजत जातो तशी फट रुंदावते आणि कॉइलला दरवेळी जास्त जोर लावावा लागतो.

इंजेक्टर तपासायला काही जुनी माणसं अजूनही लांब स्क्रू ड्रायव्हर घेतात. टोक इंजेक्टरवर, मूठ कानाच्या मागच्या हाडाला. आत टिकटिक ऐकू आली तर इंजेक्टर उघडझाप करतोय. चारांतला एक गप्प असेल तर तिथे करंट येत नाही किंवा तो अडकलाय. पण टिकटिक आली म्हणून पेट्रोल नीट फवारलं जातंय असं नाही. त्याच्या तोंडाशी कचरा बसून फवाऱ्याऐवजी धार पडत असेल, तर कानाला ते कळत नाही. हवेची गळती शोधायची असेल तर मॅनिफोल्डच्या सांध्यांवर थोडा क्लिनर फवारायचा, इंजिनाचा आवाज जिथे बदलेल तिथे फट. हे करताना गरम सायलेन्सरपासून हात आणि डबा दोन्ही लांब ठेवावे लागतात.

हे सगळं ठीक निघालं की कम्प्रेशन गेज बाहेर येतो. प्लगच्या जागी तो घट्ट बसवायचा, पेट्रोल बंद करून इंजिन स्टार्टरवर फिरवायचं. चांगल्या पेट्रोल इंजिनात काटा साधारण १५० ते १८० पौंडांवर जातो. आकड्यापेक्षा चारींमधला फरक महत्त्वाचा. एकच सिलिंडर बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. काटा वर चढला तर रिंगा झिजल्यात. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ही बातमी मालकाला सांगणं मिस्त्रीला अवघड जातं, कारण आता हेड खोलावं लागणार.

सीएनजीच्या गाड्यांनी या कामात नवा धडा घातला. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे अर्धा झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. “पेट्रोलवर मक्खन चालते, गॅसवर टाकली की मारते,” असं मालक सांगतो, तेव्हा बहुतेकदा दोष गॅस किटात नसतो, प्लगमध्ये असतो. शिवाय गॅस कोरडा. लाखभर किलोमीटर गॅसवर धावलेल्या काही इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक खचत जाते, टॅपेटची फट मिटते आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. अशा गाडीला कॉइल आणि प्लग किती बदलले तरी मिसिंग जात नाही. टॅपेट सेटिंग वेळेवर झालं असतं, तर हेड खोलायची पाळी आली नसती.

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके फक्त गाड्या दुरुस्त करत नाहीत. शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, फियाटच्या कारखान्यात कैक वर्षं इंजिनं बनली. तिथलं १,२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल इंजिन फियाटच्या आणि टाटाच्या गाड्यांत गेलं. मारुतीनेही २०१२ च्या जानेवारीत याच कारखान्यातून वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला होता. २०२० साली भारत स्टेज ६ लागू झालं आणि त्या इंजिनाचा काळ संपला, पण ते बसवलेल्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत. जिथे जन्म झाला तिथून काही मैलांवर त्यांची नाडी तपासली जाते.

डिझेलमध्ये ठिणगी नसते. तिथे मिसिंग म्हणजे बहुतेकदा इंजेक्टर, डिझेल किंवा दाब. जुन्या ट्रॅक्टरच्या इंजेक्टरचा नट एकेक करून सैल करत कुठला सिलिंडर बंद आहे ते बघता येतं. कॉमन रेलच्या गाडीत तसं करायचं नाही. नळीतला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि तिथून सुटलेली डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. तिथे चार बाटल्यांची युक्ती चालते. चारी इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून त्यांना सारख्या मापाच्या चार छोट्या बाटल्या जोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. झिजलेला इंजेक्टर डिझेल आत टाकण्याऐवजी परत पाठवतो. त्याची बाटली लवकर भरते. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि एक गळ्यापर्यंत आलेली असेल, तर ज्याला इंजिनाचं काही कळत नाही अशा मालकालाही गुन्हेगार दिसतो. नवा इंजेक्टर बसवताना त्याच्या अंगावर छापलेला कोड संगणकात भरावा लागतो, कारण दोन इंजेक्टर कधी तंतोतंत सारखे नसतात आणि कोणाचा किती फरक आहे ते संगणकाला कळायला हवं. तो भरायचा राहिला, तर नवीन माल बसवूनही गाडी थरथरते.

दौंडकडे जाताना, न्हावऱ्याच्या पुढे भीमा ओलांडली की चौफुल्यापर्यंत दोन्ही हातांना ऊस. हा ऊसही इंजिनापर्यंत पोचतो. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि २०२५ साली ते प्रमाण वीस टक्क्यांवर पोचलं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून निघालेलं इथेनॉल टँकरमधून जातं आणि पंपावरून परत गावातल्याच गाडीत येतं. इथेनॉल पेटायला हवा कमी लागते, म्हणून संगणकाला पेट्रोलची मात्रा वाढवून घ्यावी लागते. ठीक असलेली गाडी ते सहज करते. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप नेमकं तळातलं उचलतो. सुरू करताच गाडी गचके द्यायला लागते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइपही इथेनॉलने लवकर फुगतात, चिरतात. आणि ऊसतोड झाली की आसरा मोडलेले उंदीर उभ्या गाडीच्या उबदार बॉनेटखाली शिरतात. इंजेक्टरची वायर आतून कुरतडलेली, वरचं वेष्टण जवळजवळ शाबूत. तिथपर्यंत पोचायला कधी अख्खी दुपार जाते.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती कधीमधी होणारी मिसिंग. मालकाच्या हातात रोज होते, गॅरेजच्या दारात आली की गप्प. मग मिस्त्री शेजारच्या सीटवर बसतो, स्कॅनर मांडीवर ठेवतो आणि गाडी न्हावऱ्यापर्यंत नेऊन परत आणायला सांगतो. कधी चढावर, कधी स्पीड ब्रेकरला बसलेल्या धक्क्यानंतर आकडा हलतो. कनेक्टरमधली एक पिन सैल असते. ती चिमटीने घट्ट करायला एक मिनिट लागतं. शोधायला दीड दिवस गेलेला असतो.

बिलाची वेळ येते तेव्हा या दीड दिवसाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे पैसे सामानाचे दिले जातात. प्लगचे, कॉइलचे, इंजेक्टरचे. पिन घट्ट केली, तर “काही बदललं तर नाही ना, मग कसले पैसे?” असं विचारलं जातं. हे विचारणारी माणसं वाईट नसतात. सामान डोळ्यांना दिसतं आणि शोध दिसत नाही, एवढंच. पण याचा परिणाम फार खोल जातो. शोधाला मोल नसेल तर मिस्त्री शोधत बसणार नाही. चार कॉइल बदलेल, त्यावर आपला नफा धरेल आणि गाडी सोडेल. मालकाचा खर्च दुप्पट होईल, चांगल्या कॉइल भंगारात जातील आणि गॅरेजमधला पोऱ्या शिकेल ते एवढंच, की कोड आला की पार्ट बदलायचा. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. तिथून बाहेर पडलेल्या पोराला प्लगचा रंग वाचायला, चार बाटल्या लावायला, एका वेळी एकच गोष्ट हलवायला शिकवणारं ठिकाण म्हणजे हीच छोटी गॅरेजं. तिथे शोधणं बंद पडलं, तर ही विद्या दुसरीकडे कुठे शिल्लक राहणार?

तेव्हा गाडी चालवणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. डॅशबोर्डवरची चेक लाईट एकसारखी लागली असेल तर सवडीने का होईना, पण गाडी दाखवून घ्या. ती लुकलुकत असेल तर रेस लगेच कमी करा आणि गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि काही शे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचा तो भाग वितळतो. मिसिंग कधी, कुठल्या गिअरला, थंड की गरम, कशानंतर सुरू झाली, ते कागदावर लिहून न्या. मिस्त्रीचा निम्मा वेळ त्याने वाचतो. बदललेला पार्ट परत मागून घ्या आणि तो का बदलला ते विचारा. आणि बिलात तपासणीचे वेगळे पैसे लावले असतील, तर घासाघीस न करता द्या. सगळ्या बिलात खऱ्या कष्टाची रक्कम तीच असते.